हनुवटी टेकवा, नाक टेकवू नका

फोन वाजला तेव्हा त्याच्या दोन्ही तळव्यांमध्ये एका निवृत्त मुख्याध्यापकांचं डोकं होतं. डोकं जड निघालं, पण मुख्याध्यापकांची डोकी जडच असतात असा त्याचा अनुभव होता. "हनुवटी टेकवा, नाक टेकवू नका," तो सांगत होता आणि मुख्याध्यापक दोन्ही टेकवत होते, कारण त्यांनी आयुष्यभर सूचना दिल्या होत्या, घेतल्या नव्हत्या. भिंतीवरच्या एक्स-रेच्या प्लेटला हनुवटी लागली पाहिजे, नाक बोटभर दूर राहिलं पाहिजे, डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानाच्या भोकापर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढली तर ती प्लेटशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून उभी राहिली पाहिजे. तसं झालं नाही तर कानामागचं दगडासारखं हाड वर सरकतं आणि गालांतल्या पोकळ्यांवर बसतं. मग डॉक्टर विचारतात, हा फोटो चेहऱ्याचा आहे की पेपरवेटचा. एकतीस वर्षं तो ही डोकी धरत होता. जबडे, गाल, नाकाडं, कपाळं. पडलेले, आपटलेले, मारलेले, सुजलेले. त्याच्या सगळ्या नोकरीला सात वाक्यं पुरली होती: हनुवटी टेकवा, नाक टेकवू नका, जीभ टाळूला लावा, गिळू नका, हलू नका, श्वास धरा, श्वास सोडा. एवढ्या भांडवलावर माणूस निवृत्तिवेतनाला लागतो याचं त्याला अधूनमधून नवल वाटे. बायको म्हणे, घरी तर तुम्ही तेवढंही बोलत नाही.

फोन वरच्या मजल्यावरून, न्यायवैद्यक विभागातून होता. तिथल्या डॉक्टरबाई फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या आणि त्यांनी प्रसिद्धीला धक्का लागू दिला नाही. "शिशाचा सात नंबर तुमचाच ना? मग वर या. इतका वाकडा फोटो कोणी काढलाय ते सकाळपासून शोधतेय मी."

सात नंबर त्याचाच होता. पूर्वी प्रत्येक तंत्रज्ञाला शिशाचा एक आकडा मिळे. फोटो काढताना तो कोपऱ्यात चिकटवायचा, म्हणजे फोटो बिघडला तर कोणाला धरायचं ते कळतं. चांगल्या फोटोचा आकडा कोणी बघत नसे. आता सगळं संगणकावर आलं होतं, आकडे कालबाह्य झाले होते, एकापासून सहापर्यंतची माणसं निवृत्त झाली होती, त्यातली दोन तर पुढच्या प्रवासालाही लागली होती. पण विभागात त्याला अजून सातच म्हणत, आणि तो आकडा त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात असे, कडा झिजून गुळगुळीत झालेला. जिना चढताना त्याने तो चाचपला. एकतीस वर्षांत वाकडा फोटो निघाला नव्हता असं नाही, पण वाकडा म्हणून वर बोलावणं पहिल्यांदाच येत होतं. पहिल्या वर्षातला असणार, त्याने मनाशी म्हटलं. पहिल्या वर्षी तो सगळ्यांचेच चेहरे वाकडे करत असे.

डॉक्टरबाईंच्या खोलीत भिंतीवरची उजेडाची पेटी चालू होती आणि तिच्यावर दादा होता.

ओळखायला एक क्षणही लागला नाही. माणसं म्हणतात, हाडांवरून काय ओळखणार, सगळी सारखीच. सारखी नसतात. कपाळाच्या आत भुवयांच्या वर एक पोकळी असते, तिची कड कोबीच्या पानासारखी, आणि दोन माणसांची पानं कधी एकसारखी नसतात, सख्ख्या भावांचीही नाहीत. दादाचं पान डावीकडे मोठं, उजवीकडे खुरटलेलं. पण त्याने पान पाहिलंच नाही, पाहिली ती मान. डोकं किंचित डावीकडे वळलेलं, हनुवटी पुरेशी न उचललेली, दगडी हाड गालावर चढलेलं. आणि वरच्या कोपऱ्यात पिवळ्या पेन्सिलीने त्याच्या वरिष्ठांनी, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, लिहिलेले दोन शब्द: पुन्हा घ्यावा. नावाची पट्टी पुसली गेली होती. पोलिसांनी लावलेल्या नव्या चिठ्ठीवर फक्त एक क्रमांक होता. नाव मुद्दामच कळवत नाहीत, डॉक्टरबाई सांगत होत्या, म्हणजे मन नावाकडे झुकत नाही. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात पाया खणताना हाडं सापडली होती. पुरुष, चाळिशी उलटलेला, बरीच वर्षं मातीत. पोलिसांनी बेपत्ता माणसांच्या यादीतून घरोघर विचारलं, जुने एक्स-रे आहेत का. एका घरातून हा आला. आता कवटीचा फोटो नेमका याच कोनात घ्यायचा आणि दोन्ही एकावर एक ठेवून बघायचे. कोन चुकला तर पोकळीची कड बदलते आणि आपला माणूस परका होतो, नाहीतर परका आपला. "नीट फोटो कोणीही काढेल," बाई म्हणाल्या. "मला हा असा हवाय. ज्याने ही चूक केली त्यालाच ती परत करता येईल, म्हणून तुम्हाला बोलावलं."

तो हो म्हणाला. हा माझा भाऊ आहे, हे वाक्य त्याच्या सात वाक्यांत नव्हतं. जीभ टाळूला लागली होती, ती तिथेच राहिली.

एका घरातून हा आला. ते घर त्याला ठाऊक होतं, दर रविवारी तो तिथे चहा पीत होता. वहिनीच्या कपाटात, चादरींच्या घडीखाली, खाकी पाकिटात हा फोटो असे. पोलीस घरी आल्याचं वहिनी बोलली नव्हती. गेल्या रविवारीही तिने नेहमीसारखा चहा ठेवला होता, आणि निघताना त्यानेही नेहमीसारखं म्हटलं होतं, "येईल गं वहिनी. कुठेतरी असेल, येईल." एकोणीस वर्षं तो हे म्हणत आला होता. पहिल्या वर्षी त्यात विश्वास होता, दुसऱ्या वर्षी दिलासा, पुढे नुसती सवय राहिली, जशी काही लोक निघताना दाराची कडी दोनदा ओढून बघतात. वहिनीही दर वेळी मान हलवून "हो, येतील" म्हणे, आणि तो जिना उतरताना स्वतःला बजावत असे की निदान तिच्यासाठी तरी हे म्हणत राहिलं पाहिजे.

कवटी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात खाली आली. डॉक्टरबाई स्वतः बरोबर आल्या. त्यांच्या हातात खोकं होतं आणि खोक्यावर पूर्वी त्यात असलेल्या बिस्किटांचं चित्र होतं. सरकारी कामाला खोकं ते खोकं. जबडा वेगळा, कागदात गुंडाळलेला. तो त्याने खालून बसवला, रबराने बांधला. दात पाचच उरले होते. उंच स्टुलावर स्पंजचे ठोकळे रचून त्याने कवटी प्लेटसमोर ठेवली. हे आपण काय हातात धरलंय याचा विचार करायचा नाही असं त्याने ठरवलं, आणि हातांनी ते ऐकलंही. हात फार शहाणे असतात. त्यांनी हनुवटी टेकवली, नाकाचं भोक बोटभर दूर ठेवलं, रेघ ओढली, पंचेचाळीस अंश. तो काचेच्या केबिनमध्ये गेला, बटणावर अंगठा ठेवला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "श्वास धरा." डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे बघितलं, पण हसल्या नाहीत. त्याबद्दल तो नंतर बराच काळ त्यांचा ऋणी राहिला.

फोटो अप्रतिम आला. पाठ्यपुस्तकात छापावा असा. दगडी हाड गालाच्या खाली, दोन्ही बाजू सारख्या, पोकळी स्वच्छ. मास्तर असते तर पाठ थोपटली असती. आणि जुन्या फोटोशी तो जुळत नव्हता, जुळणार नव्हताच. बाई म्हणाल्या, वाकडा करा. त्याने वाकडा केला. हनुवटी खाली घेतली, डोकं डावीकडे फिरवलं. दुसरा फोटो. नाही. जरा कमी. तिसरा. पूर्वी चूक धुऊन वाळेपर्यंत अर्धा तास तरी माणूस आशेवर असे, आता चार सेकंदांत पडद्यावर येते. चौथा. पाचवा. डोकं फिरवलं की हनुवटी सरळ व्हायला बघे. हनुवटी सोडली की हात नकळत डोकं मधोमध आणून ठेवत. एकतीस वर्षांनी हातांना नीट येतं ते कसं विसरायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. बारा-पंधरा हजार चेहरे सरळ केल्यावर एक वाकडा करता येत नव्हता. हाडं तक्रार करत नव्हती. इतका सहनशील रुग्ण त्याला कधी मिळाला नव्हता.

तेव्हा तो खाली स्टुलाशेजारी बसला आणि त्याने त्या दिवसाची आठवण काढायला घेतली. कामाचा भाग म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं. नोकरीला लागून तिसरा महिना. दादाचं डोकं महिनाभर दुखत होतं, सर्दी कपाळात साठली असणार असं डॉक्टरचं म्हणणं. दादा आला तो सरळ आत येऊन म्हणाला, साहेब कुठेयत? म्हणजे हाच. नवा कोट त्याला खांद्यात मोठा होता, आणि तो दादानेच पहिल्या दिवशी इस्त्री करून दिला होता. दादा याच भिंतीसमोर उभा राहिला, पाठ केबिनकडे, तोंड प्लेटला. यंत्र तीनदा बदललं, भिंत तीच होती, केबिन तीच, मागे डाव्या हाताला. इथून किती दिसतं रे आतलं, दादाने विचारलं होतं. मनातलंही दिसतं का? त्यावर त्याने साहेबी आवाजात सांगितलं होतं, बोलू नको, हलू नको, श्वास धर. आणि केबिनमध्ये पळाला. तिथे त्याची फजिती झाली. कोणती कळ किती फिरवायची ते ऐन वेळी आठवेना. आधी ही, मग ती, मग परत ही. काटा हलेना, घाम फुटला. बाहेर दादा श्वास धरून उभा. शेवटी कळ दाबली, खट् झालं, आणि आनंदाच्या भरात 'सोड' म्हणायचं राहून गेलं. तो बाहेर आला तर दादा अजून तसाच, गाल फुगलेले, कान लाल. मग हसतच सुटला. म्हणाला, अरे, जीव घेतोस की काय, सोड म्हण ना. फोटो धुतल्यावर मास्तरांनी पिवळी पेन्सिल काढली. दादा म्हणाला, आता काय परत मान मोडून घ्यायला येत नाही, डोकं दुखायचं थांबलं तुझ्या भीतीने. आणि फोटो का बिघडला याचं कारण लिहायचा रकाना होता, त्यात त्याने लिहिलं, रुग्णाने सहकार्य केले नाही. सगळे तेच लिहीत. आपल्या हाताला लागलेलं दुसऱ्याच्या कपाळाला पुसायची ती एक शिष्टसंमत रीत होती. मेलेला माणूससुद्धा ते वाक्य वाचून उठून बसणार नाही, इतकं ते नेहमीचं होतं.

पण रीत एकदा हाताला लागली की ती कागदापुरती राहत नाही. बारा वर्षांनी वडील याच इमारतीत, दोन मजले वर, शेवटच्या आजारात पडून होते. भावांनी पाळ्या लावल्या होत्या. दुपारी एक ते चार ही पाळी त्याची होती. त्या दिवशी तो जेवणाच्या सुट्टीत वर जाणार होता, त्याआधी पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून याच खोलीतल्या टेबलावर आडवा झाला, आणि त्याला जाग आली ती पावणेचारला. वर गेला तोवर खाटेभोवती पडदा ओढलेला होता. तीन वाजता गेले, नर्स म्हणाली, कोणाला तरी शोधत होते. संध्याकाळी घरी आत्याने सगळ्यांसमोर विचारलं, दुपारी पाळी कोणाची होती? तो काही बोलला नाही, आजही शपथेवर सांगेल. त्याने फक्त दादाकडे बघितलं, आणि त्याच्या बघण्याबरोबर सगळ्यांनी बघितलं. दादाने त्याच्याकडे जरा मान वळवून पाहिलं, हनुवटी किंचित खाली, आणि म्हणाला, "माझी." एवढंच. मग आत्या बोलली, आई बोलायची थांबली, आणि घरात दादाच्या ताटासमोर कोणी बसेना. दादाने सत्तावीस दिवस ते धरून ठेवलं. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी कामावर जातो म्हणून गेला. पोलिसांत तक्रार देताना कारण विचारलं, तेव्हा यानेच सांगितलं होतं, वडील गेल्यापासून जरा मनाला लावून घेतलं होतं त्यांनी. म्हणजे रुग्णाने सहकार्य केले नाही.

जरा मान वळवून. हनुवटी किंचित खाली.

तो उठला. जुना फोटो परत उजेडासमोर धरला. एकतीस वर्षं तो समजत होता की डोकं आपण वाकडं ठेवलं आणि कागदावर खोटं लिहिलं. पण फोटो कुठेही धूसर नव्हता. कळ दाबताना दादा हलला नव्हता, हलला होता तो त्याआधी. आपण ठेवलं ते नीटच ठेवलं होतं, मास्तरांनी स्वतः मागून बघितलं होतं, आता आठवलं. आपण केबिनमध्ये कळांशी झटत होतो, वेळ चालला होता, आणि श्वास धरून उभ्या असलेल्या माणसाने डाव्या खांद्यावरून मागे बघितलं होतं. पूर्ण वळला नाही, हलू नको म्हणून सांगितलं होतं ना. आठ-दहा अंश डोकं फिरवलं, बाकीचा रस्ता डोळे चालून गेले. काय झालं, हा ठीक आहे ना, एवढं बघण्यापुरतं. आणि ती चूक करणारा मी नव्हतो, त्याला वाटलं, म्हणून ती मला येत नाहीये.

त्याने कवटी आधी सरळ ठेवली, अगदी मास्तर मागे उभे असल्यासारखी. मग तो केबिनमध्ये गेला, काचेतून तिच्याकडे बघितलं, परत आला आणि तिला फक्त तिकडे वळवलं, केबिनच्या दिशेने, जेवढं मागून हाक आल्यावर माणूस वळतो त्याच्या अर्धं. वळताना हनुवटी आपोआप उतरली. ती कोणाला उतरवावी लागली नाही. तो आत गेला. या वेळी त्याने काही म्हटलं नाही, कळ दाबली, आणि मग अगदी हळू, काचेला तोंड लावून म्हणाला, "सोड."

पडद्यावर चित्र आलं. बाईंनी जुना फोटो त्यावर आणला. कपाळातलं पान पानावर बसलं, डावीकडचा मोठा भाग, उजवीकडचा खुरटलेला, कडेची एकेक खाच. गालाचं हाड गालावर. जबड्याचा कोपरा कोपऱ्यावर. बाईंनी दोन्ही चित्रं एकदा वेगळी केली आणि परत एकावर एक आणली. मग म्हणाल्या, छान काम केलंत, आता पोलिसांकरवी नातेवाइकांना कळवते.

"मी कळवतो," तो म्हणाला.

"तुम्ही कशाला? तुम्ही कोण?"

"धाकटा."

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी खोक्याकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच त्यावरच्या बिस्किटांकडे, आणि झाकण लावून त्यावर आपली फाइल उपडी ठेवली. आधी का नाही सांगितलंत, असं त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने आवाज नेहमीसारखा करून म्हणाल्या की नातेवाइकाने काढलेला पुरावा चालत नाही, दुसऱ्या तंत्रज्ञाकडून हा पुन्हा घ्यावा लागेल. पुन्हा घ्यावा. त्याने कागद घेतला आणि लिहून दिलं: आधी सरळ, पंचेचाळीस. मग डावीकडे नऊ अंश, केबिनकडे. हनुवटी सोडून द्यावी. नव्या अर्जावर रुग्णाच्या सहकार्याचा रकाना अजून होता, चांगले, साधारण, नाही. तो त्याने ज्याचा त्याला भरू दे म्हणून कोरा ठेवला, मग परत फिरला आणि 'चांगले'वर खूण केली.

वार रविवार नव्हता, त्यामुळे दार उघडल्या उघडल्या वहिनीला कळलं. तिने दार पूर्ण उघडलं. त्याला खुर्ची दिली, आत जाऊन आधण ठेवलं, ते बंद केलं, आणि पदराला हात पुसत बाहेर येऊन समोर बसली. तो म्हणाला, "वहिनी, दादाच आहे." ती म्हणाली, "बरं." खिडकीबाहेर कोणीतरी सायकल भिंतीला लावत होतं, ती पडली, त्या माणसाने उचलून परत लावली. तेवढा वेळ दोघांनी ते बघितलं. पोलीस आले तेव्हा मला का नाही सांगितलंस, त्याने विचारलं. त्यावर ती म्हणाली, दर रविवारी येईल येईल म्हणत येत होतास, म्हटलं तुला तरी राहू दे तेवढं. मी आठ-दहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं वाट बघणं. पण तुझं मन मोडवत नव्हतं.

त्याने हनुवटी वर केली. भिंतीपासून नाक बरंच दूर होतं. "ती दुपारची पाळी माझी होती," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हाची. दादाची नव्हती."

"माहीत आहे मला."

"दादाने सांगितलं?"

"हे कशाला सांगतील. त्या दिवशी डबा मी तुझ्यासाठी भरला होता. तुझ्या पाळीला तुझा डबा, यांच्या पाळीला यांचा. हे तर त्या दुपारी घरी जेवले, इथे, माझ्यासमोर." तिने बोटाने ती जागा दाखवली. "हे बोलले नाहीत, मग मी कोण बोलणार. वाटलं होतं, एखाद्या रविवारी तू बोलशील."

एकोणीस वर्षांचे रविवार किती होतात याचा हिशेब त्याने सुरू केला आणि सोडून दिला. वहिनी म्हणाली, "तो फोटो परत देतील ना? वाकडा आहे म्हणून टाकून नाही ना द्यायचे?" नाही, देतील, तो म्हणाला. तिला जरा हायसं वाटलेलं दिसलं. म्हणाली, घरात यांचे बाकीचे फोटो आहेत, पण त्यात सगळीकडे फोटोवाल्याने मान सरळ करून ठेवलेली, कुठल्यातरी पाहुण्यासारखे दिसतात. हा एकच असा आहे की ज्यात हे हेच वाटतात. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती हाडं, पण असंच बघायचे हे, मान जरा वळवून. कोणी गप्प झालं, कोणाला काही झालं की असंच. मग तिने स्वतःच मान तशी वळवली, हनुवटी किंचित खाली, आणि तिला माहीत नव्हतं की ती नऊ अंश वळली आहे.

"कोणाकडे बघत होते रे तेव्हा?" तिने विचारलं.

सात वाक्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं. "माझ्याकडे," तो म्हणाला.

वहिनीने मान तशीच वळवलेली ठेवून त्याच्याकडे बघितलं. "मग आधी सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मी तुला देऊन टाकला असता."

आणि चहाचं आधण परत ठेवायला ती आत गेली.